द्रवणांक : प्रयोगशाळेतील एक परीक्षा व व्यापाऱ्याचा तिच्याशी संबंध

व्यापाऱ्याची विद्या ही बहुतांशी डोळ्यांची, नाकाची आणि बोटांची विद्या होय. पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घ्यावेत, एखादा दाणा दाताखाली फोडून त्याच्या आवाजावरून ओलावा ओळखावा, डाळ दोन बोटांत चोळून तिला लावलेल्या तेलाचा अंदाज घ्यावा, हे आमच्या पिढीने वडिलांच्या गादीशेजारी बसून शिकून घेतले. ती विद्या टाकाऊ झाली असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु १९५५ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा अमलात आल्यापासून, आणि २०११ साली त्याची जागा अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतल्यापासून तर अधिकच, आपल्या मालाचा निवाडा आपल्या बोटांवर होत नाही. तो प्रयोगशाळेच्या अहवालावर होतो. हा अहवाल हाती पडला की आपणांपैकी बहुतेक जण त्याची शेवटची ओळ तेवढी वाचतात. माल उतरला की नाही, एवढेच पाहतात. मधले रकाने कोणी वाचत नाही.

त्या मधल्या रकान्यांपैकी एका रकान्याविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे योजिले आहे. तूप, वनस्पती, खाद्यतेल किंवा बेकरीस लागणारी स्निग्धे ह्यांच्या अहवालात ‘द्रवणांक’ असा एक शब्द येतो व त्यापुढे अंशांत एक आकडा येतो. आमचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, आणि रसायनशास्त्राच्या पदवीधराने लिहावे तसे आम्हांस लिहिता येणार नाही. तथापि दाणे-भुसाराच्या घाऊक धंद्याबरोबर तेलाचे व वनस्पतीचे डबेही आमच्या पेढीवरून गेली कित्येक वर्षे जात असल्यामुळे हा आकडा कसा काढतात, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे आम्हांस प्राप्त झाले. जे समजले ते बंधूंपुढे ठेवीत आहोत.

कोणताही घन पदार्थ तापविला असता ज्या उष्णतामानास तो वितळून द्रवरूप होतो ते उष्णतामान म्हणजे त्याचा द्रवणांक. बर्फाचा ० अंश, डांबरगोळ्या ज्याच्या करतात त्या नॅप्थॅलीनचा सुमारे ८० अंश, शेतकऱ्यास आपण ओळखीने देतो त्या युरियाचा सुमारे १३३ अंश. येथे व पुढे सर्वत्र अंश म्हणजे सेल्सिअसचे अंश समजावेत. आपल्या बेळगावात ह्याचे रोजच्या व्यवहारातील उत्तम उदाहरण खोबरेलाचे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास गोठते व वितळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. मार्गशीर्ष-पौषातील पहाटे पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो आणि बाटलीतले तेल मेणासारखे घट्ट होऊन बसते. घाट उतरून गोव्यात गेले की तेच तेल क्वचितच गोठते, आणि पहाटे गोठलेच तर ऊन चढताच पातळ होते. एकाच घाणीचे तेल येथे घट्ट आणि पणजीस पातळ, म्हणून गिऱ्हाईक दुकानदारावर भेसळीचा आरोप करते. अशी तक्रार आमच्याकडे दर हिवाळ्यात एक तरी येते. पामोलिनचेही तेच. त्याचा द्रवणांक चोवीस अंशांहून अधिक नसावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे थंडीत ते गढुळणार, तळाशी साका धरणार, हे त्याच्या जातीतच आहे. त्यात लबाडी कोणाचीही नसते.

आता ह्या आकड्यास प्रयोगशाळेत एवढे महत्त्व का, ते पाहू. शुद्ध पदार्थाचा द्रवणांक ठरलेला असतो, आणि तो पदार्थ त्या अंशाशी आला की एकदम, एखाद-अर्ध्या अंशाच्या आत, वितळून जातो. त्यात दुसरे काही मिसळलेले असेल तर दोन गोष्टी घडतात. एक तर तो अपेक्षेपेक्षा खालच्या अंशावरच वितळू लागतो. आणि दुसरे असे की तो एकदम न वितळता रेंगाळत रेंगाळत, चार-पाच किंवा त्याहूनही अधिक अंशांच्या टप्प्यात वितळतो. आइस्क्रीमच्या भांड्याभोवती बर्फात मीठ घालतात ते ह्याच नियमावर. मिठाने बर्फाचा द्रवणांक शून्याच्या पुष्कळ खाली जातो, म्हणून खारा बर्फ साध्या बर्फापेक्षा थंड राहून वितळतो व दुधास गोठवितो. भेसळ करणारा मनुष्य रंग जुळवील, वास जुळवील, परंतु ह्या नियमास फसविणे त्यास कठीण जाते.

आमच्या आवडीचे उदाहरण युरियाचे आहे. युरिया १३३ अंशांच्या आसपास वितळतो, आणि दालचिनीशी नाते असलेले सिनॅमिक आम्ल म्हणून एक पांढरा स्फटिकरूप पदार्थ आहे, तोही जवळजवळ त्याच अंशावर वितळतो. दोन कागदी पुड्यांत हे दोन पदार्थ ठेवले आणि फक्त आकडा पाहिला तर दोन्ही एकच आहेत असे वाटेल. परंतु दोहोंचे समभाग मिश्रण करून तापवावे. ते शंभराच्या आसपासच वितळते. ह्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी एक सुंदर युक्ती काढली आहे. आपल्याकडील अनोळखी पदार्थ अमुक आहे असा संशय असेल, तर खात्रीचा अमुक पदार्थ घेऊन दोन्ही मिसळावेत. द्रवणांक ढळला नाही तर दोन्ही एकच. ढळला तर वेगळे. ह्यास मिश्र-द्रवणांकाची परीक्षा म्हणतात. नमुन्याशेजारी नमुना ठेवून माल पारखण्याची जी आपली रीत, तीच ही. मात्र ह्यात डोळ्याच्या जागी तापमापक आहे.

देवपूजेच्या कापराविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. कापूर १७५ ते १८० अंशांच्या दरम्यान वितळतो, परंतु त्यात दुसरा पदार्थ अल्पस्वल्प जरी विरघळला तरी त्याचा द्रवणांक इतर कोणत्याही नेहमीच्या पदार्थापेक्षा कितीतरी अधिक खाली येतो. कार्ल रास्ट ह्या शास्त्रज्ञाने १९२२ साली ह्याच गुणाचा उपयोग करून पदार्थांचे रेणुभार मोजण्याची रीत काढली. आपण ज्याची आरती करतो तो पदार्थ भेसळीच्या बाबतीत इतका हळवा असावा, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

स्निग्ध पदार्थांच्या अभ्यासात द्रवणांकास शुद्धतेची कसोटी म्हणून प्रतिष्ठा मिळवून देणारा पुरुष म्हणजे मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. चरबी म्हणजे काय, ती कोणकोणत्या आम्लांची बनलेली असते, ह्याचा उलगडा करणारा त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. स्फटिक पुनःपुन्हा धुऊन, पुनःपुन्हा काढून, त्यांचा द्रवणांक वर सरकेनासा होईपर्यंत तो थांबत नसे. आकडा स्थिर झाला म्हणजे पदार्थ शुद्ध झाला. हा गृहस्थ १७८६ साली जन्मला व १८८९ साली वारला, म्हणजे शंभरी ओलांडून गेला.

प्रयोगशाळेतील कृती पाहिली तर साधी आहे, पण तीत उतावळेपणास जागा नाही. पदार्थ प्रथम पूर्ण कोरडा करतात, कारण पाणी हीही भेसळच. मग त्याची बारीक पूड करून सुईसारख्या बारीक, एका टोकास बंद केलेल्या काचेच्या केशनलिकेत भरतात. नलिका टेबलावर हलके आपटून तळाशी दोन-तीन मिलिमीटर उंचीचा घट्ट थर बसवितात. ही नलिका तापमापकाच्या पाऱ्याच्या फुग्याला टेकून राहील अशी बांधतात आणि दोन्ही मिळून द्रव पॅराफिन किंवा तत्सम तेलाच्या पात्रात सोडतात. योहान्नेस थीले ह्या जर्मन रसायनज्ञाने १९०७ साली ह्यासाठी एक बाजूस कान असलेली नळी सुचविली. कानाखाली ज्योत लावली की तापलेले तेल आपोआप फिरत राहते, ढवळावे लागत नाही. आजही पुष्कळ महाविद्यालयांत हीच नळी दिसते, जरी मोठ्या प्रयोगशाळांत विजेवर चालणारी व भिंगातून पाहावयाची यंत्रे आली आहेत. पहिल्या नलिकेवर भरभर तापवून अदमास घेतात; दुसऱ्या नलिकेवर, अदमासाच्या दहा-पंधरा अंश अलीकडून, मिनिटास एक अंश इतक्या मंद गतीने ज्योत चालवितात. पहिला ओलसर थेंब दिसला तो अंश आणि शेवटचा कण विरघळला तो अंश, असे दोन आकडे लिहितात. एकच आकडा लिहिणारा परीक्षक आळशी समजावा. भरभर तापविले तर तापमापक व पदार्थ ह्यांची चाल जुळत नाही, आणि आकडा खोटा येतो.

तापमापक खरा आहे की नाही, हे वितळत्या बर्फात व उकळत्या पाण्यात घालून पाहण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथे एक खुबी आहे. समुद्रकाठी पाणी १०० अंशांस उकळते. आमच्या बेळगावच्या उंचीवर ते सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांसच उकळते. ही वजावट न करता कोणी तापमापक ‘अडीच अंशांनी चुकीचा’ ठरवून दुरुस्ती लावू लागला, तर त्याचे पुढील सर्व अहवाल बिघडतील. शाळेत विज्ञान शिकणाऱ्या आपल्या नातवंडांना हा प्रयोग घरी करावयास अवश्य सांगावा.

हे झाले युरिया-कापरासारख्या एकजिनसी पदार्थांविषयी. तूप आणि वनस्पती ह्यांची गोष्ट निराळी, आणि आपला संबंध खरा तेथेच येतो. कोणतेही स्निग्ध हे मुळातच अनेक घटकांचे मिश्रण असते. त्यातील स्टिअरिक आम्ल एकोणसत्तर-सत्तर अंशांस वितळते, पामिटिक त्रेसष्टास, ओलेइक अवघ्या तेरा-चौदा अंशांस, आणि लिनोलेइक तर शून्याच्याही पाच अंश खाली. हे घटक सुटे नसून ग्लिसरीनशी तीन-तीनच्या जोडणीने बांधलेले असतात, आणि एका तुपात अशा कितीतरी तऱ्हेच्या जोडण्या असतात. म्हणून तूप एका अंशावर वितळत नाही. ते अठ्ठाविसाच्या आसपास सैल होऊ लागते आणि चाळिशीच्या पुढे जाऊन पूर्ण नितळ होते. म्हशीचे तूप गाईच्या तुपाहून किंचित कठीण. ह्या ऐसपैस टप्प्यातून आकडा कोणता धरावयाचा? त्यासाठी ‘सरकण्याचा अंश’ काढण्याची पद्धत ठरविली आहे.

ती अशी. स्निग्ध वितळवून, गाळून, कोरडे करून त्यात दोन्ही टोकांस उघडी असलेली केशनलिका बुडवितात. सुमारे एक सेंटिमीटर उंचीचा थर नलिकेत चढतो. तो लगेच बर्फावर गोठवून नलिका थंड पेटीत रात्रभर, सोळा तास, ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी अशा नलिका रबराने तापमापकास बांधून पाण्याच्या पात्रात सोडतात व अपेक्षित अंशाच्या आठ-दहा अंश खालून, पाणी सारखे ढवळीत, मिनिटास अर्धा अंश इतक्या सावकाश तापवितात. ज्या क्षणी गोठलेला थर नलिकेतून वर सरकतो त्या क्षणीचा अंश लिहून घेतात. एकाहून अधिक नलिकांची सरासरी धरतात. वनस्पतीचा हा अंश ३१ ते ४१ ह्यांच्या दरम्यान असावा असे आपल्या देशाच्या नियमांनी ठरविले. ह्या मर्यादेचे मर्म समजण्यास मनुष्याच्या अंगाची ऊब सदतीस अंशांची असते एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे. तिच्या फार वरचे स्निग्ध टाळूस मेणासारखे चिकटते. जुनी माणसे तुपाचा कण तळहातावर ठेवून तो विरघळतो का, हे पाहत असत. तीही द्रवणांकाचीच परीक्षा होय. परंतु तळहाताची ऊब तेहतीस-चौतीस अंश, आणि मऊ जातीचे वनस्पती त्यावर तुपाइतक्याच खुशीने विरघळते. तेव्हा एवढ्यावर विसंबून कोणी शंभर डबे उचलू नयेत.

वनस्पती मुळात बनते ती द्रवणांक वर चढविण्याच्या कलेतून. फ्रान्सच्या पॉल साबातिये ह्याने निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन जोडण्याची विद्या काढली व त्यासाठी त्यास १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन ह्याने १९०२ साली ती पातळ तेलांना लावून त्यांचे घट्ट स्निग्ध करण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९३७ पासून डालडाच्या रूपाने ती घरोघर पोचली. ह्या क्रियेत एक गोष्ट अशी घडे की तिचा परिणाम लोकांस पुष्कळ वर्षांनी कळला. ओलेइक आम्लाच्या रेणूस मध्ये एक बाक असतो. अर्धवट हायड्रोजन जोडताना काही रेणूंचा हा बाक सरळ होतो. अणू तेच, त्यांची संख्या तीच, परंतु बाक गेला. आणि तेरा-चौदा अंशांस वितळणारे आम्ल आता चव्वेचाळिसाच्या आसपास वितळू लागते. ह्या सरळ झालेल्या प्रकारासच ट्रान्स स्निग्ध म्हणतात, व ते हृदयास घातक ठरले आहे. भारतात खाद्यतेले व स्निग्धे ह्यांतील त्याचे प्रमाण जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के ह्यांहून अधिक नसावे असा नियम झाला. द्रवणांक पाहून हे ट्रान्स कळत नाही, हे मात्र ध्यानात घ्यावे. ३८ अंशांचे वनस्पती ट्रान्सने घट्ट झालेले आहे की पामतेलाच्या घटकांनी, हे सांगावयास निराळे यंत्र लागते.

येथे एक प्रकरण सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी ते आमच्यापुढे व आणखी दोघा पंचांपुढे लवादासाठी आले होते. पक्षकारांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. एका तरुण व्यापाऱ्याने एका बेकरीवाल्यास बेकरीच्या स्निग्धाचे दोनशे डबे विकले. सौद्यात द्रवणांक ३६ ते ३८ असा लिहिलेला. बेकरीवाल्याने आपल्या परीने नमुना तपासून घेतला, तो आकडा आला ३५.२. त्याने माल नाकारला, पैसे अडविले, एवढेच नव्हे तर बाजारात ‘हलके तेल मारून माल दिला’ असा बोभाटा केला. विक्रेत्याने दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आणला, त्यात ३७.६. दोन्ही अहवालांवर शिक्का, दोन्हींवर सही. तरुणाचे वडील नुकतेच निवर्तलेले; पेढीची पत त्यांच्या नावावर उभी; आणि उधारीवर माल देणारे चार घाऊक व्यापारी ह्या निकालाकडे डोळे लावून बसलेले. आमच्यापैकी एका पंचाचे म्हणणे पडले की दोन्ही आकड्यांची सरासरी काढावी, ती ३६.४ येते, म्हणजे सौदा पुरा झाला. हा तोडगा सोयीचा होता, पण आम्हांस तो पटला नाही. दोन वजनकाट्यांवर एकाच पोत्याचे वजन निराळे आले तर सरासरी काढून काटा खरा होत नाही.

आम्ही दोन्ही प्रयोगशाळांस एकच प्रश्न विचारला : नमुना तपासण्यापूर्वी किती वेळ गोठवून ठेविला? एकीने सांगितले रात्रभर. दुसरीने सांगितले, काम तातडीचे असल्याने तासभर बर्फावर ठेवून लगेच पाहिला. सर्व उलगडा त्यातच होता. स्निग्ध गोठते तेव्हा त्याचे रेणू प्रथम जसे सापडतील तसे, ढिसाळ रचनेत गोठतात; ती रचना कमी अंशावर वितळते. वेळ दिला म्हणजे ते हळूहळू सरकून घट्ट, सुव्यवस्थित रचनेत बसतात. ती अधिक अंशावर वितळते. शुद्ध ट्रायस्टिअरिन ह्या एकाच स्निग्धाचे असे तीन द्रवणांक आहेत : सुमारे ५५, ६४ आणि ७३ अंश. एकाच माणसाने पोती फेकून रचली आणि जमवून रचली तर थप्पीची मजबुती निराळी, तसे हे. आम्ही उभय पक्षांसमक्ष एक नवा डबा फोडून, पूर्ण वितळवून, नमुना मोहरबंद केला व तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवून दोन्ही तऱ्हांनी तपासावयास सांगितले. तासभराच्या नलिका व रात्रभराच्या नलिका ह्यांत दोन अंशांहून अधिक फरक पडला, आणि रात्रभराचा आकडा सौद्याच्या मर्यादेत बसला. माल खरा ठरला. बेकरीवाला भला गृहस्थ होता. त्याने पैसे दिलेच, शिवाय पेठेत जेथे बोभाटा केला होता तेथे जाऊन तो परत घेतला. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी आम्हांस त्यास काही सांगावे लागले नाही.

द्रवणांकाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या समाजास ह्या विषयाची खरी टोचणी तेथेच आहे. १९८३ साली वनस्पतीमध्ये परदेशांतून आणलेली गुरांची चरबी मिसळल्याचे प्रकरण उघडकीस आले व देशभर खळबळ उडाली. पुढे सरकारने अशा चरबीच्या आयातीवर बंदी घातली. ज्यांच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही अशा कुटुंबांच्या ताटात काय आले असेल, ह्या विचाराने त्या दिवसांत वडीलधाऱ्यांनी वनस्पती कायमचे वर्ज्य केले. आमच्या घरीही तसे घडले. विकणे चालू राहिले, खाणे थांबले. पुष्कळांनी आम्हांस तेव्हापासून विचारले आहे की द्रवणांकावरून चरबी ओळखता येत नाही का? उत्तर असे की केवळ द्रवणांकावरून येत नाही. गुरांची चरबी चाळीस ते पन्नास अंशांच्या दरम्यान वितळते. तीत पातळ तेल मिसळून तो आकडा ३८ वर आणणे कोणासही अवघड नाही. उत्तम वनस्पतीचाही आकडा ३८ असू शकतो.

परंतु द्रवणांकाचाच आणखी खोल उपयोग करून घेणारी एक परीक्षा आहे, व ती आम्हांस सर्वांत विस्मयकारक वाटते. प्राणिज स्निग्धात, मग ते दूध-तूप असो की चरबी, कोलेस्टेरॉल असते; वनस्पतिज तेलांत त्याच्या जागी वनस्पतींची स्टेरॉले असतात. परीक्षक तुपाचा साबण करतो, त्यातून हा न साबणणारा अल्प अंश डिजिटोनिन नावाच्या द्रव्याने साक्याच्या रूपाने खाली बसवितो, धुतो, वाळवितो, आणि असेटिक अनहायड्राइडबरोबर उकळून त्याचे असिटेट बनवितो. मग अल्कोहोलातून त्याचे स्फटिक तीन-चार वेळा काढतो व केशनलिकेत भरून तापवितो. केवळ कोलेस्टेरॉलचे असिटेट ११४-११५ अंशांस वितळते. वनस्पतींच्या स्टेरॉलांचे १२५ च्या वर. पुनःपुन्हा शुद्ध केलेले स्फटिक ११७ ओलांडून गेले तर त्या तुपात वनस्पतिज स्निग्ध मिसळलेले आहे, हे निश्चित झाले. शेरभर तुपातील चिमूटभर कणांवर आणि दोन अंशांच्या फरकावर साऱ्या मालाचा निवाडा! वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन नियमांनी घातले, तेही तुपातील वनस्पती ओळखण्यासाठीच. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुराल ह्यांच्याबरोबर तिळाचे तेल गुलाबी-लाल रंग देते, व वनस्पतीची चोरी उघडी पडते. मात्र चोराने तिळाचे तेल नसलेले स्निग्ध वापरले तर ही रंगाची परीक्षा मुकी राहते, आणि स्टेरॉलची परीक्षा बोलते.

तुपात गुरांची चरबी मिसळली असेल तर ह्या दोन्ही परीक्षा निरुपयोगी, कारण कोलेस्टेरॉल दोहोंतही आहे. तेथे वायुवर्णलेखन यंत्राने ग्लिसराइडांच्या जोडण्यांचे प्रमाण मोजतात व त्यावरून काही ठरावीक आकडे काढतात. २०२४ साली तिरुपतीच्या प्रसादाच्या तुपाविषयी वाद उठला तेव्हा वर्तमानपत्रांत जे ‘एस’ आकडे छापून आले ते ह्याच जातीचे. गाईच्या आहाराने व उपासमारीनेही हे आकडे ढळू शकतात, हे त्याच अहवालासोबतच्या टिपणात नमूद होते. ते वाचणारे थोडे निघाले. आपल्या भागास जवळचे उदाहरण म्हणजे सरकी खाणाऱ्या जनावरांचे तूप. कपाशीच्या मुलखातील अशा तुपाचा रायखर्ट आकडा इतर तुपापेक्षा उणा व अपवर्तनमापकाचा आकडा अधिक येतो. तूप अस्सल, तरी साध्या मापाने नापास. म्हणूनच नियमांत त्या मुलखासाठी निराळी मर्यादा ठेवलेली आहे.

आता दुकानदाराने प्रत्यक्ष काय करावे, एवढे सांगावयाचे राहिले. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून मोहरबंद करावे लागतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे व दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातात. चौथा भाग, दुकानदाराने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे दुकानदाराच्या खर्चाने पाठविला जातो. ही मागणी त्याच वेळी केली पाहिजे. भीतीपोटी किंवा अज्ञानाने आपले बंधू गप्प बसतात आणि मग हक्क हातचा जातो. विश्लेषकाचा अहवाल विरुद्ध आला तर तीस दिवसांत अपील करता येते. निकृष्ट मालाबद्दल दंडाची मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत आहे, ही रक्कम छोट्या दुकानदारास उठविणारी आहे. तसेच घाऊक व्यापाऱ्याने दिलेले बिल कायद्याने हमीपत्रच समजले जाते, म्हणून बिलावर मालाचे नाव, बॅच क्रमांक व बनविणाऱ्याचे नाव असल्याखेरीज तुपा-तेलाचा डबा दुकानात उतरवून घेऊ नये. बिलाशिवाय दोन रुपये स्वस्त मिळणारा डबा शेवटी किती महाग पडतो, हे आम्ही शेजाऱ्याच्या दुकानात पाहिले आहे.

खाजगी तपासणीसाठी नमुना काढताना डबा सगळा वितळवून, चांगला ढवळून मगच काढावा. तूप रवाळ होते तेव्हा कठीण अंश रव्यात जाऊन तळाशी बसतो व पातळ अंश वर तरंगतो. वरचा चमचाभर काढून पाठविला तर द्रवणांक उणा येईल, तळाचा पाठविला तर अधिक, आणि दोन्ही खोटे. बरणी कोरडी, झाकण घट्ट, बरणीवर तारीख व उभयतांच्या सह्या असाव्यात. वरील लवादानंतर आपल्या बाजारातील काही पेढ्यांनी स्निग्धाच्या सौदापत्रात एक वाक्य घालण्यास सुरुवात केली, त्याचा मसुदा ज्यांस हवा असेल त्यांनी उतरवून घ्यावा : ‘द्रवणांक केशनलिकेतील सरकण्याच्या पद्धतीने, नमुना पूर्ण वितळवून व नलिका सोळा तास थंड ठेवून काढलेला, किमान तीन नलिकांची सरासरी, मतभेद झाल्यास उभयतांसमक्ष काढलेला नमुना उभयतांनी ठरविलेल्या तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा व तिचा आकडा उभयतांस बंधनकारक राहील.’